भडंग, आयर्विनची पातळी आणि कापरेकरांचा आकडा: अल्गोरिदम, फ्लोचार्ट, सुडोकोड सोप्या भाषेत

आठवीच्या वर्गात पहिल्या तासाला मी कॉम्प्युटर चालूच करत नाही. फळ्यावर एवढंच लिहिते, की भडंग कसं करायचं ते लिहून द्या, पण अशा माणसासाठी लिहा ज्यानं आयुष्यात कधी गॅस पेटवलेला नाही आणि जो तुम्ही लिहिलंय तेवढंच करतो, स्वतःच्या मनानं काहीच करत नाही. सांगलीची पोरं, भडंग म्हटलं की सगळ्यांचे हात वर, आमच्या घरी अस्सं करतात तस्सं करतात, आणि पाच मिनिटांत वह्या माझ्या टेबलावर. त्यातली एक वही मी उचलते आणि मीच तो माणूस होते.

यंदा ज्या पोराची वही हातात आली त्यानं चारच ओळी लिहिल्या होत्या. तेल गरम करा. लसूण शेंगदाणे घाला. चटणी मीठ घाला. चुरमुरे घालून हलवा. मी डब्याचं रिकामं झाकण हातात घेऊन कढई म्हणून टेबलावर ठेवलं आणि खोटी खोटी तेलाची बाटली धरली, आणि सगळी बाटली ओतली. वर्ग ओरडला, मॅडम एवढं नाही! मग किती, वहीत तर लिहिलेलं नाही. बरं, तेल गरम करा. मी उभी. अजून उभी. कुठपर्यंत गरम करायचं ते लिहिलेलंच नाही म्हटल्यावर मी तिथंच उभी राहणार. मागच्या बाकावरून एकजण म्हणला, "मॅडम, पेटलं की आता तेल!" बरोबर आहे त्याचं, पेटलं.

मग दुसरी मुलगी उठली, तिनं लिहिलं होतं की लसूण लालसर होईपर्यंत हलवत राहा. हे खूप चांगलं आहे, कारण कधी थांबायचं ते यात आहे. पण लालसर म्हणजे किती लालसर, आणि बघायचं कधी? तिनं उभ्या उभ्या सुधारलं, दहा वेळा हलव, मग लसणाकडं बघ, पांढराच असेल तर परत दहा वेळा हलव, कडा लाल दिसल्या की शेंगदाणे घाल. आणि तेवढ्यात शेजारचीनं विचारलं, आणि काळा झाला असेल तर? हा प्रश्न आला की मला कळतं की आता पोरांना अल्गोरिदम शिकवता येईल, किंबहुना त्यांना तो यायला लागलाय, फक्त नाव माहिती नाही.

तर अल्गोरिदम म्हणजे एखादं काम करायची पायरी पायरीची रीत. पण नुसती पायऱ्यांची यादी असून भागत नाही. प्रत्येक पायरीचा एकच अर्थ निघायला पाहिजे, "चवीनुसार मीठ" चालत नाही, कॉम्प्युटरला चव नसते. काय काय सामान लागणार ते आधी माहिती पाहिजे, त्याला म्हणायचं इनपुट. शेवटी हातात काय येणार ते माहिती पाहिजे, ते आउटपुट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते कधीतरी संपलं पाहिजे. पोरं पहिल्या तीन गोष्टी लवकर शिकतात आणि ही चौथी विसरतात, त्यावर पुढं येतेच.

हा शब्द कुठून आला ते पोरांना सांगितलं की त्यांना भारी वाटतं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल ख्वारिझ्मी नावाचे गणिती होते, त्यांनी आपल्या भारतीय अंकांनी हिशोब कसे करायचे यावर पुस्तक लिहिलं. ते पुढं लॅटिनमध्ये गेलं तेव्हा त्यांचं नाव तिकडच्या लोकांच्या तोंडी अल्गोरित्मी असं झालं, आणि त्या नावाचाच पुढं अल्गोरिदम झाला. म्हणजे हा शब्द कॉम्प्युटरच्या हजारभर वर्षं आधीचा आहे. आणि रीत तर त्याहून जुनी, शाळेत मसावि काढताना भागाकार पद्धत शिकवतात ना, मोठ्याला छोट्यानं भागा, जी बाकी उरेल तिनं छोट्याला भागा, बाकी शून्य आली की थांबा, ती युक्लिडनं इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास लिहून ठेवलेली आहे. ८४ आणि ३६ घ्या, ८४ ला ३६ नं भागलं बाकी १२, ३६ ला १२ नं भागलं बाकी ०, मसावि १२. दोन ओळीत काम झालं. पोरं हे करत असतात आणि त्यांना माहितीच नसतं की आपण अल्गोरिदम चालवतोय.

आता फ्लोचार्ट. फ्लोचार्ट म्हणजे तीच रीत चित्रात. इथं आपल्याकडं काय होतं, पोरांना आकार पाठ करायला लावतात, परीक्षेत जोड्या लावा येतं, आणि पोरगं दहापैकी दहा मार्क घेऊन येतं पण त्याला साधा एक फ्लोचार्ट काढता येत नाही. मला हे मनापासून खटकतं. मुख्य आकार पाचच आहेत, ते एका दिवसात कळतात, त्यासाठी पाठांतर कशाला. लंबगोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट. तिरका कललेला चौकोन, भूमितीतला समांतरभुज, म्हणजे माहिती आत घेणं किंवा बाहेर सांगणं. साधा आयत म्हणजे काहीतरी काम करणं, बेरीज वजाबाकी वगैरे. शंकरपाळी म्हणजे प्रश्न, ज्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही, म्हणून तिच्यातून दोन वाटा बाहेर पडतात. आणि बाण म्हणजे पुढं कुठं जायचं. दिवाळीच्या तोंडावर हा धडा आला तर शंकरपाळी सांगताना वर्गात वेगळाच उत्साह असतो.

(फ्लोचार्ट मुळात कॉम्प्युटरसाठी निघालेला पण नाही. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन नवरा बायकोनं १९२१ साली कारखान्यातलं काम कुठल्या क्रमानं होतं ते दाखवायला अशी चित्रं इंजिनिअर लोकांपुढं मांडली. कॉम्प्युटरवाल्यांनी ती १९४० च्या दशकात उचलली, जॉन फॉन नॉयमन आणि हर्मन गोल्डस्टाइन यांनी.)

पण मी शिकवताना सांगलीतल्या कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलावरनंच सुरू करते. सांगलीत पावसाळ्यात घराघरात एकच प्रश्न असतो, आयर्विनला किती फूट झालं? शाळेतल्या पोराला पण माहितीय की ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, आमच्या वर्गातल्या कितीतरी पोरांनी ते लहानपणी बघितलंय, कुणाच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. तर मी म्हणते, एक फ्लोचार्ट काढा, पुलावरची पातळी घ्यायची आणि सांगायचं की धोका, इशारा, की ठीक आहे.

बहुतेक पोरं असा काढतात. लंबगोलात सुरुवात, खाली कललेल्या चौकोनात पातळी घे, मग शंकरपाळी: पातळी ४० किंवा जास्त आहे का? हो असेल तर बाण उजवीकडं, "इशारा" सांग, आणि तिथून थेट शेवट. नाही असेल तर बाण खाली, दुसरी शंकरपाळी: पातळी ४५ किंवा जास्त आहे का? हो असेल तर "धोका" सांग, नाही असेल तर "ठीक आहे" सांग. दिसायला एकदम व्यवस्थित, सगळे आकार बरोबर, बाण सरळ, रेघा पट्टीनं ओढलेल्या. इथं मी चुकलं असं म्हणत नाही, बोट ठेवायला सांगते. पहिल्या आकारावर बोट ठेव, आता पातळी ५७ आहे असं धर, आणि बाणावरनं बोट फिरव. सुरुवात, पातळी ५७, चाळीस किंवा जास्त आहे का, हो, उजवीकडं, इशारा, शेवट. पोरगी थांबते. बोट परत वर नेते, परत फिरवते. परत इशारा. ५७ फूट पाणी असताना आपला फ्लोचार्ट नुसता इशारा देतोय आणि धोक्याच्या शंकरपाळीकडं कधी जातच नाही, कुठलाही आकडा घातला तरी जात नाही, कारण जो आकडा ४५ च्या वर आहे तो आधीच ४० वाल्या प्रश्नानं पकडलेला असतो, आणि जो खाली उतरतो तो चाळीसच्या आतलाच असतो. एका पोरीनं हे बघितल्यावर हळू आवाजात विचारलं, मग लोक घरातच बसून राहिले असते का मॅडम? मी हो म्हटलं, कारण खरंच तसं होईल.

दुरुस्ती किती छोटी आहे बघा, फक्त दोन शंकरपाळ्यांची जागा बदलायची, आधी ४५ विचारायचं मग ४०. मोठी अट आधी. मग परत बोट फिरवायचं, आणि यावेळी आकडे निवडून घ्यायचे: ५७ घ्या, ४२ घ्या, ३० घ्या, आणि नेमके ४५ आणि नेमके ४० पण घ्या. काठावरचे आकडे फार महत्त्वाचे आहेत, कारण कुणी "४५ पेक्षा जास्त" एवढंच लिहिलेलं असतं आणि बरोबर ४५ वर त्याचं उत्तर चुकतं. या बोट फिरवण्याला ड्राय रन म्हणतात. माझ्या मते या सगळ्या धड्यात शिकण्यासारखी एक गोष्ट निवडायची झाली तर ती हीच, आकार विसरलात तरी चालेल पण ड्राय रन विसरू नका. वीज लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही, कागद आणि बोट लागतं.

आता सुडोकोड. फ्लोचार्ट छोटा असेल तोवर छान, पण पायऱ्या वीस झाल्या की कागद पुरत नाही आणि बाण एकमेकांवरून जायला लागतात. मग तीच रीत आपण ओळीत लिहितो, प्रोग्रामसारखी मांडणी करून पण आपल्या भाषेत. सुडो म्हणजे खोटा, खोटा कोड, कॉम्प्युटर हा वाचत नाही, माणूस वाचतो. त्यामुळं याचे काही कडक नियम नाहीत, स्वल्पविराम राहिला म्हणून काही अडत नाही, आणि तो मराठीत लिहिला तर शंभर टक्के चालतो. कुणी म्हणेल इंग्रजीतच लिहायला पाहिजे, तर नाही, विचार मराठीत होत असेल तर तो आधी मराठीतच कागदावर उतरू दे, पायथॉन ही प्रोग्रामची भाषा नंतर आहेच.

आमच्या वर्गातल्या काही पोरांच्या घरी हळद असते, वडील मार्केट यार्डात सौद्याला जातात. समजा एका शेतकऱ्याचे पाच ढीग होते आणि त्यांना क्विंटलला असे भाव मिळाले: १४२००, १३८००, १५१००, १४९००, १५१००. सगळ्यात जास्त भाव कुठल्या ढिगाला? पोरं लगेच सांगतात, १५१००. कसं काढलंत? दिसतंय की मॅडम. हो, पाच आकड्यात दिसतंय, पन्नास हजार आकडे असले तर दिसणार नाही, आणि कॉम्प्युटरला तर पाच पण एकदम दिसत नाहीत, तो एका वेळी एकच आकडा बघतो. मग डोळे झाकून बसा, मी एकेक भाव वाचते, तुम्ही फक्त एक आकडा लक्षात ठेवायचा. हा खेळ एकदा खेळला की सुडोकोड पोरं स्वतःच सांगतात, मी फक्त फळ्यावर लिहून घेते:

सुरुवात
मोठा = पहिल्या ढिगाचा भाव
ढीग = १
दुसऱ्यापासून शेवटच्या ढिगापर्यंत एकेक करत:
    जर या ढिगाचा भाव मोठापेक्षा जास्त असेल तर
        मोठा = या ढिगाचा भाव
        ढीग = या ढिगाचा नंबर
मोठा आणि ढीग सांग
शेवट

यात "मोठा" आणि "ढीग" हे दोन डबे आहेत असं समजा, वरती नावाची चिठ्ठी लावलेले, आत एका वेळी एकच वस्तू बसते, नवीन ठेवली की जुनी गेली. यांना व्हेरिएबल म्हणतात. आणि "मोठा = या ढिगाचा भाव" याचा अर्थ गणितातलं बरोबर असा नाही, तर उजवीकडचं डाव्या डब्यात ठेव असा आहे. इथं पोरं हमखास अडकतात, पुढं "पायऱ्या = पायऱ्या + १" आलं की म्हणतात हे समीकरण चुकीचं आहे, आणि गणिताच्या तासाच्या हिशोबानं त्यांचं बरोबरच आहे. म्हणून डबा दाखवायचा, डब्यात ४ खडू होते, एक टाकला, आता ५. आणि आत सरकवून लिहिलेल्या ओळी बघा, "जर" च्या आतलं काम आत सरकवलंय, म्हणजे ते फक्त अट खरी असेल तेव्हाच करायचं. हे सरकवणं दिसायला चांगलं म्हणून नाही, अर्थासाठी आहे.

ड्राय रन करा. सुरुवातीला मोठा १४२००, ढीग १. दुसरा १३८००, जास्त नाही, सोडा. तिसरा १५१००, जास्त आहे, मोठा १५१००, ढीग ३. चौथा १४९००, नाही. पाचवा १५१००, जास्त आहे का? नाही, तेवढाच आहे, म्हणून ढीग ३ च राहिला. आता "जास्त असेल तर" ऐवजी "जास्त किंवा तेवढाच असेल तर" लिहिलं असतं तर ढीग ५ आला असता. दोन्ही चूक नाहीत, पण आपल्याला कुठलं पाहिजे ते आपण ठरवून लिहायचं असतं. आणि अजून एक, बरीच पोरं सुरुवातीला मोठा = ० लिहितात. हळदीच्या भावाला ते चालून जाईल, पण तोच अल्गोरिदम लडाखच्या थंडीतल्या तापमानाला लावला, उणे १२, उणे ७, उणे १५, तर उत्तर शून्य येईल जे यादीत कुठंच नाही. म्हणून पहिल्या खऱ्या आकड्यापासून सुरू करायचं.

आता ते संपण्याचं. यासाठी माझा सगळ्यात आवडता धडा म्हणजे द. रा. कापरेकर. नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर होते, आपले मराठी माणूस, आणि १९४९ साली त्यांना आकड्यांची एक गंमत सापडली जी आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून शिकवतात. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून छोटा वजा करा, जे येईल त्याच्यावर परत तेच. २०१९ घेऊन बघू. ९२१० वजा ०१२९ म्हणजे ९०८१. ९८१० वजा ०१८९ म्हणजे ९६२१. ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर परत केलं, ७६४१ वजा १४६७, तर परत ६१७४. इथं आकडा अडकतो. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच येता.

सुरुवात
चार अंकी आकडा घे
जर चारही अंक सारखे असतील तर
    "दुसरा आकडा दे" सांग आणि थांब
पायऱ्या = ०
जोपर्यंत आकडा ६१७४ झालेला नाही तोपर्यंत:
    मोठा = अंक उतरत्या क्रमानं लावून
    छोटा = अंक चढत्या क्रमानं लावून
    आकडा = मोठा - छोटा
    पायऱ्या = पायऱ्या + १
पायऱ्या सांग
शेवट

हे "जोपर्यंत तोपर्यंत" म्हणजे लूप, भडंगातला लसूण लालसर होईपर्यंतवाला. फ्लोचार्टमध्ये हाच लूप म्हणजे खालून निघून परत वरच्या शंकरपाळीकडं जाणारा बाण.

वर्गात प्रत्येकाला वेगळा आकडा दिला होता. सगळ्यांचं झालं, एका पोराची पेन्सिल चालूच. त्याला मिळाला होता २१११. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९, इथपर्यंत बरोबर. मग त्यानं ९९९ वजा ९९९ केलं, आलं शून्य. मग शून्य वजा शून्य, शून्य. परत शून्य. वहीचं अर्ध पान शून्यांनी भरलं होतं आणि तो सांगितल्याप्रमाणं मुकाट करत बसला होता, कारण सुडोकोडमध्ये लिहिलंय की ६१७४ येईपर्यंत थांबायचं नाही, आणि शून्यातून ६१७४ कधीच येणार नाही. याला अनंत लूप म्हणतात, मोबाईलमधलं एखादं ॲप नुसतंच गोल गोल फिरत बसतं ना, त्यामागं कधीकधी हेच असतं. मी त्याची वही सगळ्या वर्गाला दाखवली, त्याला शाबासकी दिली, कारण चूक त्याची नव्हती, आमच्या सुडोकोडची होती. ९९९ हा चार अंकात ०९९९ असा धरायचा होता, मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४, पाच पायऱ्यांत काम झालं असतं. "अंक कमी पडले तर पुढं शून्य लावून चार कर" ही ओळ आम्ही कुणीच लिहिली नव्हती, कारण माणसाला ती लिहायची गरज वाटत नाही. तुम्ही वरच्या सुडोकोडमध्ये ती कुठं घालाल ते बघा, लूपच्या बाहेर घातली तर काय होईल ते पण बघा.

पोरं विचारतात की तिन्ही काढायचं का प्रत्येक वेळी, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, सुडोकोड. नाही. अल्गोरिदम म्हणजे ती रीत, ती डोक्यात असते, बाकी दोन ती लिहायच्या पद्धती. जिथं हो नाहीच्या वाटा जास्त आहेत, आयर्विनसारखं, तिथं फ्लोचार्टमध्ये पटकन दिसतं. जिथं आकडे डब्यात ठेवायचेत, लूप फिरवायचाय, तिथं सुडोकोड बरा पडतो आणि तिथून खरा प्रोग्राम लिहिणं पण सोपं जातं, जवळपास ओळीला ओळ. घरी सरावाला टाकीच्या मोटरचा काढा, टाकी भरली की बंद, पण विहिरीतलं पाणी आधी संपलं तर? लाईट गेली तर?

आणि कापरेकरांचं चार अंकांऐवजी तीन अंकांवर करून बघा. सुडोकोडमधल्या तीनच जागा बदलायला लागतात. तिथं पण एक आकडा आहे जिथं सगळे येऊन अडकतात, तो कुठला ते मी इथं लिहीत नाही, ६८१ पासून सुरू करा.